घोड्यांच्या कळपांतील मानपान

घोडा विकत घेतांना आपल्याकडील जाणता मनुष्य प्रथम त्याचे भोंवरे पाहतो. कपाळावरील, छातीवरील व पाठीवरील भोंवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविण्याची रीत फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत अशीं लक्षणें विस्तारानें दिलेलीं आहेत. त्यानंतर दांत पाहून वय ठरवितात, खूर तपासतात, जनावर चालवून व पळवून पाहतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत किंवा लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आजही बहुधा हाच क्रम दिसतो. परंतु एक प्रश्न तेथें सहसा कोणी विचारीत नाहीं : हें जनावर आजवर कोणाच्या सोबतीनें राहत होतें? त्याची जोडीदारीण कोणती, त्यास भिवविणारें कोण व त्यास संभाळून घेणारें कोण? या प्रश्नाचें मोल भोंवऱ्यांहून किती तरी अधिक आहे, असें गेल्या पन्नाससाठ वर्षांतील अभ्यासावरून दिसून आलें आहे.

घोडा हा एकटा राहणारा प्राणी नव्हे. गाय, म्हैस व मेंढी यांच्याप्रमाणेंच तो कळपानें राहतो; आणि कळप म्हटला कीं त्यांत लहानमोठें, पुढेंमागें, आपलेंपरकें हें सारें आलेंच. प्रस्तुत लेखकाचें नोकरीचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. जमिनीच्या तंट्यांइतकेच, किंबहुना त्यांहूनही चिवट, असे मानाचे तंटे जुन्या कागदांत आढळतात. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालून कोणाचे बैल आधीं जावयाचे, होळीची पहिली पोळी कोणाची, यांवरून भाऊबंद पिढ्यान् पिढ्या झगडत आले आहेत. १८७४ च्या वतन कायद्यानें वंशपरंपरागत हुद्द्यांस नियम घालून दिले. पुढें १९६२ च्या कायद्यानें पाटीलकीचा वंशपरंपरागत हुद्दा महाराष्ट्रांत रद्द झाला. तरी तोरणाखालील मान कांहीं गांवीं अद्याप जागा आहे. असा मानपान घोड्यांतही असतो काय, असल्यास त्याचा उपयोग कोणता, आणि जनावरें बाळगणाऱ्या शेतकऱ्यानें त्यापासून काय घ्यावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

कळपाची घडण

खुंट्यास बांधलेल्या घोड्यावरून घोड्याच्या संसाराची कल्पना येत नाहीं. त्यासाठीं मोकळीं घोडीं पाहावीं लागतात. अशीं घोडीं जगांत ठिकठिकाणीं आहेत. न्यू झीलंडमधील कैमानवा डोंगराचा प्रदेश, फ्रान्सच्या दक्षिणेस ऱ्होन नदीच्या मुखाशीं असलेला कामार्ग नांवाचा दलदलीचा मुलूख, अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांतील ओसाड कुरणें आणि त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळील असाटीग बेट, हीं ठिकाणें या अभ्यासासाठीं प्रसिद्ध झालीं आहेत. यांतील घोडीं मूळचीं पाळीव वंशाचीं. न्यू झीलंडमध्यें तर १८१४ पूर्वीं घोडा नव्हताच. तो युरोपीय लोकांनीं जहाजावरून नेला. पुढें कांहीं जनावरें सुटलीं, कांहीं सोडून दिलीं गेलीं, आणि १८७६ पासून कैमानवा भागांत रानटी घोड्यांचा उल्लेख मिळूं लागतो. १९७९ सालीं तेथें १७४ घोडीं मोजण्यांत आलीं. १९८१ सालीं त्यांस कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि १९९४ पर्यंत त्यांची संख्या दीड हजारांवर गेली. पुढें कुरणाचें व तेथील दुर्मिळ वनस्पतींचें रक्षण करण्यासाठीं कांहीं घोडीं वेळोवेळीं हांकून बाहेर काढण्यांत येऊं लागलीं.

देश निरनिराळे, हवा निराळी, चारा निराळा. परंतु मनुष्याचा खुंटा सुटल्यावर घोड्यांनीं मांडलेला संसार मात्र सर्वत्र बहुतेक एकाच नमुन्याचा आढळतो. त्यांत मोठा कळप हा खरा घटक नसून लहान टोळी हा खरा घटक आहे. टोळींत बहुधा एक पूर्ण वाढलेला नर, दोनचार किंवा क्वचित् अधिक घोड्या, आणि त्यांचीं शिंगरें असतात. कांहीं टोळ्यांत दोन किंवा अधिक नरही असतात. अशा अनेक टोळ्या एकाच कुरणावर चरतात व एकाच पाणवठ्यावर येतात, म्हणून दुरून पाहणारास तो एकच कळप वाटतो. टोळीची म्हणून ठराविक चरावयाची जागा असते. परंतु आपल्या शेताच्या बांधाप्रमाणें तिची हद्द राखली जात नाहीं. एकीची जागा दुसरीच्या जागेवर चढलेली असते, आणि नर जें राखतो तें कुरण नव्हे, तर आपल्या घोड्या.

शिंगरूं मोठें झालें कीं त्यानें टोळी सोडावयाची, हा नियम नरास व मादीस सारखाच लागू आहे. साधारणतः दोनतीन वर्षांच्या वयांत तरुण नर बाहेर पडतो आणि आपल्यासारख्याच अविवाहितांच्या टोळींत सामील होतो. तेथें लटकीं भांडणें, पाठलाग व धक्काबुक्की करीत तो कांहीं वर्षें काढतो आणि मग स्वतःच्या घोड्या मिळविण्याच्या उद्योगास लागतो. तरुण घोडी दुसऱ्या टोळींत जाते. त्यामुळें एका टोळींतील प्रौढ घोड्या बहुधा एकमेकींच्या मायलेकी किंवा बहिणी नसतात; निरनिराळ्या घरांतून येऊन त्या एकत्र नांदतात. आपल्याकडील सासुरवाशिणींची आठवण व्हावी अशीच ही रीत आहे, आणि पुढें जें सांगावयाचें आहे तें समजण्यासाठीं ती ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

मानाची उतरंड

अशा टोळींत कोण कोणास वाट देतो, हें पाहिलें असतां एक उतरंड स्पष्ट दिसते. ती ठरविण्यासाठीं रोज लाथाळी होते असें मात्र नाहीं. वरच्या मानाची घोडी कान मागें टाकते, मान किंचित् लांबवून डोकें पुढें करते, आणि तेवढ्यानें खालच्या मानाची घोडी चाऱ्यावरून बाजूस होते. पुष्कळदां तर नुसतें जवळ येणेंच पुरतें. कान, मान, शेंपटी, मग दांतांची धमकी, मग मागच्या पायांची धमकी, आणि सर्वांच्या शेवटीं प्रत्यक्ष चावा किंवा दुगाणी, अशी ही पायरी आहे. घोड्याची लाथ दुसऱ्या घोड्याचें हाड मोडूं शकते, आणि रानांत हाड मोडलें म्हणजे जीव गेला. म्हणूनच ज्या प्राण्यांच्या खुरांत एवढें बळ, त्यांच्यांत तें न वापरतां भांडण मिटविण्याची युक्ति असणें अवश्य होतें. ती युक्ति म्हणजे मान. मान हा भांडणासाठीं नसून भांडण चुकविण्यासाठीं आहे, ही गोष्ट आपण माणसें पुष्कळदां विसरतों. घोडीं विसरत नाहींत.

हा मान कशावरून ठरतो? केवळ अंगाच्या आकारावरून नव्हे. वय हें त्याचें प्रमुख कारण दिसतें : वयस्क घोडी तरुण घोडीच्या वर. टोळींत आधीं आलेली बहुधा मागून आलेलीच्या वर. अंगानें थोराड असलेली नवी घोडी बारीक चणीच्या जुन्या घोडीपुढें माघार घेतांना दिसते. ही उतरंड दरवेळीं शिडीप्रमाणें सरळच असते असेंही नाहीं. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी मात्र पहिलीवर, अशी त्रिकोणी गुंतागुंतही आढळते. तरुण जनावरें मोठ्यापुढें आलीं म्हणजे मान खालीं लांबवून तोंडाची उघडझांक करतात, जणूं कांहीं चघळीत आहेत. यास कोणी शरणागति म्हणतात, परंतु त्याच्या अर्थाविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. कुरण विस्तीर्ण असून गवत सर्वत्र सारखें असेल, तर ही उतरंड डोळ्यांस जवळ जवळ दिसतच नाहीं. प्रत्येक घोडी आपल्यापुढील गवत खाते. कोणी कोणास उठविण्याचें कारण पडत नाहीं. चारा एका जागीं ढीग करून टाका, किंवा पाणी एकाच डबक्यांत राहूं द्या, कीं लगेच मानपान जागा होतो. वायोमिंगच्या कोरड्या मुलुखांत मिलर व डेनिस्टन या दोन अभ्यासकांनीं पाणवठ्यावर बसून पाहणी केली, ती १९७९ सालीं प्रसिद्ध झाली. तेथें एकेका घोड्याचाच नव्हे, तर टोळीटोळीचाही मान ठरलेला आढळला. एक टोळी पाण्यावर असतां दुसरी आली, तर कांहीं टोळ्या उठून जात व कांहीं न डगमगतां पीत राहत. मोठ्या टोळ्यांचा मान बहुधा मोठा असे. टंचाई नसेल तेथें मान झोंपलेला, आणि टंचाई आली कीं मान जागा, हा नियम दुष्काळांत टँकरपुढें उभ्या राहिलेल्या गांवास निराळा सांगावयास नको.

पुढारी कोण?

घोड्यांच्या कळपाविषयीं दोन समजुती प्रचारांत आहेत. पहिली जुनी : नर हा कळपाचा राजा, आणि घोड्या त्याची प्रजा. दुसरी अलीकडची : नर केवळ दिसावयास, खरी सत्ता एका वृद्ध घोडीची, ती नेईल तिकडे कळप जातो. घोडे शिकविणाऱ्या कित्येक लोकांनीं या दुसऱ्या समजुतीवर आपली सारी पद्धति उभारली, आणि "तुम्ही घोड्याचे पुढारी व्हा" असा उपदेश केला. मोकळ्या घोड्यांच्या पाहणींत या दोन्ही समजुती जशाच्या तशा टिकल्या नाहींत.

राजाची गोष्ट प्रथम घेऊं. कॅथरीन हौप्ट व रोनाल्ड कायपर यांनीं असाटीग बेटावरील मोकळ्या व अन्यत्र असलेल्या पाळीव तट्टांच्या कळपांत नराचें स्थान पाहिलें. ही पाहणी १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. नर हा चाऱ्यापाण्याच्या मानांत सर्वांच्या वर असतोच असें नाहीं, असें तींत दिसून आलें. कांहीं घोड्या त्यास खुशाल बाजूस सारीत. मग नराचें काम काय? तो टोळीच्या मागें व कडेस असतो. परका नर जवळ आला तर पुढें होतो, मान उभारून त्याच्याशीं नाकास नाक लावतो, खिंकाळतो, पुढच्या पायानें जमीन खणतो, लिदीचा वास घेतो व तेथेंच आपली लीद टाकतो. बहुतेक भेटी एवढ्यावरच मिटतात. खरी झुंज क्वचित् होते, पण झाली तर जबर होते. कोणी घोडी रेंगाळली किंवा परक्या टोळीकडे वळली, तर तो डोकें जमिनीजवळ नेऊन, कान पाडून, सापासारखी मान हलवीत तिला मागून हांकतो. हें हांकण्याचें काम बहुधा नरच करतो. म्हणजे तो राजापेक्षां राखणदार अधिक.

आतां म्हातारीच्या पुढारीपणाची गोष्ट. टोळी चरण्याचें थांबवून पाण्याकडे किंवा नव्या गवताकडे निघते, तेव्हां पहिलें पाऊल कोणाचें, हें मोजून पाहण्यांत आलें. फ्रान्समधील पठारावर ठेवलेल्या ताखी, म्हणजे मंगोलियांतील मूळच्या रानघोड्यांवर झालेली एक पाहणी २००९ सालीं, आणि इटलींतील मोकळ्या घोड्यांवरील दुसरी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. दोहोंचा सूर एकच : ठरलेला असा एक पुढारी नसतो. निघण्यापूर्वीं एकाहून अधिक जनावरें मान उचलतात, तोंड एका दिशेस करतात, दोनचार पावलें टाकून थांबतात. इतरांनीं प्रतिसाद दिला तर टोळी निघते, न दिला तर निघालेलीही परत येतात. वरच्या मानाचीच जनावरें प्रथम निघतात असा नियम नाहीं. कोणीही निघूं शकतें. जिला दूध पाजावयाचें असते तिला तहान लवकर लागते व ती लवकर निघते, इतकें साधें कारणही त्यामागें असूं शकतें. चाऱ्यावर मान एकाचा आणि वाटेवर विचार सर्वांचा, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या ग्रामपंचायतींनीं तिजकडे एकवार पाहावें असें कोणास वाटलें, तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

दोन नर एका घरांत

कामार्गमध्यें क्लॉडिया फे या विदुषीनें अनेक वर्षें घोड्यांची पाहणी केली. तींत एक चमत्कारिक गोष्ट आढळली, ती १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. कांहीं नर एकटे टोळी राखण्याऐवजीं दोघे मिळून राखीत, व ही भागी वर्षानुवर्षें टिके. असे भागीदार बहुधा खालच्या मानाच्या घोड्यांचे पुत्र असत. दोघांत एक वरचा व एक खालचा हें ठरलेलें असे. परका नर आला कीं एक त्याच्याशीं झुंजे व दुसरा घोड्या घेऊन बाजूस होई. खालच्या भागीदाराचींही कांहीं शिंगरें टोळींत जन्मत. म्हणजे ही नुसती चाकरी नव्हती, त्यास वांटा मिळत होता. ज्यास एकट्याच्या बळावर घर करतां येत नाहीं, त्यानें भागीनें शेती करावी तसाच हा प्रकार.

परंतु यावरून दोन नर असणें सर्वत्र हिताचें, असा निष्कर्ष काढूं नये. कैमानवा येथें लिंकलेटर, कॅमेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली पाहणी त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली, तींत अनेक नरांच्या टोळींतील घोड्यांस नरांचा उपद्रव अधिक होई, त्यांचें अंग अधिक उतरलेलें असे व त्यांस शिंगरेंही कमी होत, असें दिसलें. एका मुलुखांतील नियम दुसऱ्या मुलुखांत डोळे मिटून लावूं नये, हा धडा बियाण्याच्या बाबतींत आपण शिकलों आहोंतच. जनावरांच्या बाबतींतही तोच खरा आहे.

मानाहून मोठी गोष्ट

येथवर मानाची गोष्ट झाली. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, तिजकडे वळूं.

मोकळ्या घोड्यांत प्रत्येक घोडीची एक किंवा दोन जवळचीं जनावरें असतात. त्या एकमेकींजवळ चरतात, उन्हांत एकमेकींच्या शेंपटीकडे तोंड करून उभ्या राहतात व माशा वारतात. मान जेथें खांद्यास मिळते त्या जागीं, आयाळीच्या बुडाशीं, एकमेकींस दांतांनीं खाजवितात. ही जागा स्वतःच्या तोंडास पोंचत नाहीं. तेथें दुसऱ्याचाच दांत लागतो. फे व द माझिएर यांनीं कामार्ग येथें एक साधा प्रयोग केला, तो १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं हातानें त्याच जागीं खाजविल्यासारखें करून घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजले. ते दहा टक्क्यांहून अधिक कमी झाले. अंगावर दुसऱ्या जागीं तसेंच केलें तर तसा फरक पडला नाहीं. म्हणजे हा नुसता लाड नव्हे. जनावराच्या जिवास त्यानें खरोखर स्वस्थता येते. आपले जुने मोतद्दार खरारा करतांना याच जागीं हात अधिक वेळ ठेवीत, तें उगाच नव्हे.

कळपांत राहण्याचे इतरही लाभ आहेत. कामार्गमध्यें रक्त पिणाऱ्या माशा मोजून पाहण्यांत आल्या, तेव्हां मोठ्या जमावांतील प्रत्येक घोड्यास लहान जमावांतील घोड्यापेक्षां कमी माशा लागतात असें आढळलें. ही पाहणीही १९७९ सालची. झोंपेचेंही तसेंच. घोडा उभ्यानें डुलकी घेतो, परंतु गाढ झोंपेचा एक प्रकार असा आहे कीं तो त्यास आडवें झाल्याखेरीज मिळत नाहीं. टोळींत कांहीं जनावरें पडलेलीं असतां बहुधा एखादें उभें राहून जागतें. ज्यास राखणदार नाहीं, त्यास निश्चिंत पडवत नाहीं.

या सर्वांचा कळस म्हणजे कैमानवा येथील एलिसा कॅमेरॉन व सहकाऱ्यांची २००९ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी. कोणत्या घोडीच्या मैत्रिणी किती व मैत्री किती घट्ट, हें त्यांनीं मोजलें, आणि तिच्या शिंगरांचा हिशेब त्याशीं ताडून पाहिला. ज्या घोड्या आपल्या टोळींतील इतर घोड्यांशीं अधिक जुळवून होत्या, त्यांस शिंगरें अधिक झालीं व तीं अधिक जगलीं. आणि हें त्यांच्या मानावर अवलंबून नव्हतें, वयावर नव्हतें, चराईच्या बरेवाईटपणावरही नव्हतें. शिवाय अशा घोड्यांस नराचा त्रास कमी होई. आरंभीं सांगितल्याप्रमाणें या घोड्या एकमेकींच्या नात्याच्या नसतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळेल. निरनिराळ्या घरांतून आलेल्या माद्यांचा स्नेह हा पुढल्या पिढीचा पाया ठरला. मानानें कळपांत भांडण कमी होतें. परंतु कळपाचा वंश वाढतो तो सोबतीनें.

आपल्या दारांतील गोष्ट

हें सारें दूरदेशींचें झालें. आपल्याकडे मोकळे कळप नाहींत. तरी एक दृश्य भीमेच्या व नीरेच्या खोऱ्यांतील बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचें आहे. उन्हाळ्यांत धनगर लोक मेंढरांचे वाडे घेऊन येतात, खतासाठीं आपल्या रानांत बसवितात, आणि त्यांच्याबरोबर बिऱ्हाड वाहणारीं लहान चणीचीं, काटक घोडीं असतात. याच वंशास भिमथडी म्हणतात. मराठ्यांच्या घोडदळांत ज्याचा लौकिक होता तें हें घोडें, आणि अलीकडे एक स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. या घोड्यांकडे एक दिवस नीट लक्ष देऊन पाहावें. मेंढरें पुढें गेलीं तरी घोड्या आपल्या ठराविक जोडीनें चालतात. सामान उतरल्यावर त्याच जोडीनें चरतात. आणि कोंड्याचें घमेलें पुढें आलें कीं कोणी प्रथम तोंड घालावयाचें हें न भांडतां ठरतें. धनगरीण घमेलीं दूर दूर ठेवते. तिनें कोणती पाहणी वाचलेली नसते. पिढ्यांच्या अनुभवानें तिला ठाऊक असतें.

ज्यांच्या दारीं घोडा नाहीं, त्यांसही हा विषय परका नाहीं. गाईम्हशींत मानाची उतरंड घोड्यांइतकीच पक्की असते. पूर्वीं दावणीस प्रत्येक जनावर आपल्या खुंट्यास बांधलेलें असे, प्रत्येकापुढें त्याची वैरण पडे, त्यामुळें मानपान दबलेला राही. हल्लीं पुष्कळ दूधवाले मुक्त गोठा करतात. तो चांगलाच, परंतु दावें सुटलें कीं मान जागा होतो, हें ध्यानांत न घेतल्यास नुकसान होतें. प्रस्तुत लेखकाच्या माहितींतील एका दूधवाल्यानें बारा गाईंचा मुक्त गोठा केला, आणि दोन महिन्यांत त्यांतील एक पहिलारू गाय हाडें दिसेपर्यंत उतरली. जंताचें औषध झालें, रक्त तपासून झालें, दूध निम्म्यावर आलें. ती विकावयाचें ठरलें. गोठ्यांतील गव्हाण आठ गाईंस पुरेल एवढीच होती. म्हाताऱ्या वडिलांनीं एक सकाळ गोठ्यांत बसून काढली व सांगितलें कीं गाय आजारी नाहीं, ती उपाशी आहे; तिची पाळी येते तोंवर गव्हाणींत काड्याच राहतात. दुसऱ्या टोंकास आणखी एक गव्हाण बांधली, पाण्याचें एक टांकें अधिक ठेवलें, आणि ती गाय विकावी लागली नाहीं. आजारासारखें दिसणारें दुखणें कित्येकदां मानाचें असतें.

शेतकऱ्यानें काय करावें

वरील विवेचनावरून व्यवहारांत उतरविण्याजोग्या गोष्टी पुढीलप्रमाणें निघतात.

१. मोकळ्या जनावरांस चारा टाकतांना ढीग जनावरांच्या संख्येपेक्षां एक अधिक करावा, आणि दोन ढिगांत निदान दोन घोड्यांची लांबी सुटेल एवढें अंतर ठेवावें. हुसकलेल्या जनावरास जावयास दुसरी जागा मिळाली म्हणजे लाथ उगारण्याचें कारण राहत नाहीं.

२. पाण्याची जागा कोंपऱ्यांत करूं नये. कोंपऱ्यांत वरच्या मानाचें जनावर उभें राहिलें कीं खालच्यास वाट नाहीं. शक्य तर दोन ठिकाणीं पाणी ठेवावें.

३. नवें जनावर आणल्यास तें एकदम आंत सोडूं नये. कांहीं दिवस मधें भक्कम आडोसा ठेवून शेजारीं बांधावें. एकमेकांचा वास घेऊं द्यावा. नंतर सोडावयाचें तें ऐसपैस जागेंत, पोटभर वैरण घातल्यावर, व दिवसाउजेडीं. प्रथम एकाच शांत जनावराशीं गांठ घालून द्यावी व मग इतरांत मिसळूं द्यावें.

४. शिंगरूं तोडतांना त्यास एकटें कोंडूं नये. मोकळ्या कळपांत घोडी आपल्या शिंगरास दुसरें होण्याच्या सुमारापर्यंत, म्हणजे वर्षभराच्या आसपास, पाजीत असते; आपण तें बहुधा पांचसहा महिन्यांतच तोडतों. निदान त्याच्यासोबत दुसरें शिंगरूं किंवा एखादी समजूतदार वयस्क घोडी ठेवावी. वागण्याची रीत तें त्यांच्यापासूनच शिकतें.

५. जोडीनें वाढलेल्या जनावरांपैकीं एक विकणें भाग पडल्यास मागें राहणाऱ्याची सोय आधीं पाहावी. एकटें पडलेलें घोडें खिंकाळत फिरतें, नीट खात नाहीं, कुंपणाच्या कडेनें येरझारा घालतें. त्यास खोडकर ठरवून मारणें हा अन्याय आहे. घोडें मिळत नसेल तर निदान शेळी किंवा गाय तरी जवळ असूं द्यावी.

६. घोडा शिकवितांना कळपाचा राजा होण्याचा हव्यास धरूं नये. घोडा मान देतो तो पुढच्याचें वागणें रोज सारखें असतें म्हणून, आणि इशारा आधीं व शिक्षा शेवटीं मिळते म्हणून. चाबूक आधीं व इशारा मागून, ही रीत कोणत्याही कळपांत नाहीं.

७. आठवड्यांतून एकदां, चारा घातल्यानंतर, अर्धा तास नुसतें बसून पाहावें. कोण प्रथम खातें याकडे सर्वांचें लक्ष जातेंच. कोण शेवटीं खातें, तिकडे पाहावें. नफ्यातोट्याचा हिशेब तेथें असतो.

हें सर्व करण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. एखादी जास्त गव्हाण, एखादें जास्त टांकें व थोडी सवड एवढें पुरतें. येत्या यात्रेंत ज्यांस घोडी घ्यावयाची असेल, त्यांनीं भोंवरे अवश्य पाहावे, दांत पाहावे, चाल पाहावी. आणि सौदा ठरविण्यापूर्वीं विकणारास एवढें जरूर विचारावें कीं हिच्या शेजारीं आजवर कोण बांधलेली असे. तीही विकावयास आणलेली असेल, आणि ऐपत असेल, तर दोघींस एकाच दाव्यानें घरीं आणावें.